बुल नको, ग्रुपिंग दाखवा

ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायला शिकणाऱ्या नवशिक्याला सगळे एकच सल्ला देतात: आधी आत्मविश्वास कमवा. छोट्या बाजीने बसा, चार डाव जिंका, भीती आपोआप जाईल. हा सल्ला साफ चुकीचा आहे. निवृत्तीची एकरकमी रक्कम खिशात घालून मांडवीतल्या कॅसिनोकडे निघालेल्या माजी सैनिकाला तर तो बुडवणारा आहे.

मोजणी स्वतः अवघड नाही. हाय-लो पद्धतीत दुर्री ते छक्की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शीपासून एक्क्यापर्यंत उणे एक. चालू बेरजेला न वाटलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं. उत्तर मोठं आलं तर बाजी वाढवायची. बस्स.

पण मिळतं काय? पत्ते अनुकूल असतानाही आघाडी साधारण 1 टक्का. म्हणजे सारख्या बाजीचे 100 डाव खेळलात तर सरासरी नफा एका बाजीचा, आणि नशिबाचा चढउतार सुमारे 11 बाजींचा. अचूक खेळूनही हरून उठण्याची शक्यता जवळपास निम्मी. मग चार डाव जिंकल्याने सिद्ध काय होतं? काहीही नाही.

फायरिंग रेंजवर कोणताही उस्ताद एका बुलवर शाबासकी देत नाही. तो ग्रुपिंग बघतो. पाचही गोळ्या एका मुठीत आल्या तर नेम पक्का, मग साइट सरकवता येते. एक बुल आणि चार गोळ्या भलतीकडे, तो निव्वळ योगायोग.

पत्त्यांतलं ग्रुपिंग घरीच तपासता येतं. कॅट पिसा, एक पत्ता न बघता बाजूला ठेवा, उरलेले 51 मोजा. बेरीज अधिक एक आली तर लपलेला पत्ता मोठा, उणे एक आली तर छोटा, शून्य आली तर मधला. अर्ध्या मिनिटात, टीव्ही चालू असताना, सलग वीस वेळा बरोबर आलं पाहिजे. एकोणीस आले तर पुन्हा पहिल्यापासून.

काही जण म्हणतील, घाबरलेला माणूस चुकतो, म्हणून धीर हवाच. हवा ना! पण धीर सरावातून येतो, जिंकलेल्या चिप्समधून नाही. 1956 मध्ये ब्लॅकजॅकची मूलभूत खेळी छापणारे चौघे अमेरिकी लष्करातले होते. ती त्यांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून काढली. 1962 मध्ये एडवर्ड थॉर्प यांनी मोजणीचं पुस्तक लिहिलं, तेही गणिताच्याच जोरावर.

आणि जमीन न बघता हल्ला कोण करतो? पत्ते सतत पिसणारं यंत्र असेल तर मोजणी निरुपयोगी. ब्लॅकजॅकला 3:2 ऐवजी 6:5 देत असतील तर तुमची आघाडी तिथेच गिळली गेली. अशा टेबलावर बसूच नका.

वीसपैकी वीस येत नसतील, तर तुमच्या आत्मविश्वासाचा फायदा फक्त कॅसिनोला आहे. पेन्शन घरी ठेवा.