खर्जातले श्रम

टाळेबंदीच्या वर्षाने संगीताच्या बाजारात एक चमत्कारिक ताळेबंद मागे ठेवला आहे. गिटार आणि बेस गिटार बनविणाऱ्या अमेरिकेतील फेंडर कंपनीची २०२० सालची विक्री तिच्या इतिहासात पूर्वी कधीही झाली नव्हती एवढी झाली. आणि त्याच वर्षी ही वाद्ये वाजवून पोट भरणारा वादक जगभर बेकार झाला. घरात कोंडलेल्या, पण पगार चालू असलेल्या माणसाला वाद्य शिकावयास सवड मिळाली. ज्याचे उत्पन्नच लग्नमंडपात, हॉटेलात किंवा स्टुडिओत रोजच्या रोज ठरते, त्याच्या वाट्याला आलेली सवड म्हणजे उपासमार होती. मार्च २०२० मध्ये कंपनीने आपले ऑनलाइन शिकवणीचे वर्ग तीन महिने मोफत खुले केले आणि लाखो लोकांनी त्यांत नावे नोंदविली. कंपनीने ह्यात काही गैर केले असे नव्हे; गिऱ्हाईक तयार करणे हा तिचा व्यवसायच आहे. प्रश्न एवढाच की, वाद्य ह्या वस्तूला त्या संकटात बाजाराने तारले, मग वादन ह्या श्रमाला कोणी का तारले नाही?

मी स्वतः हौशी बेसवादक आहे. माझे निवृत्तिवेतन टाळेबंदीत एक महिनाही चुकले नाही, तेव्हा वर उल्लेखिलेल्या दोन प्रकारांपैकी मी पहिल्या प्रकारात मोडतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

बेस गिटारशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. ह्या वाद्याला बहुधा चार तारा असतात आणि ते साध्या गिटारीच्या एक सप्तक खाली बोलते. सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ भरतात. आपल्या परिभाषेत हा खर्जाचा प्रदेश. बेसवादकाचे काम ताल आणि स्वर ह्यांचा सांधा जुळविण्याचे: एक कान ड्रमकडे, दुसरा गायकाकडे. तो नीट वाजवीत असेल तर श्रोत्याचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. तो थांबला तर मात्र गाणे एकाएकी पोकळ का झाले, हे त्याच श्रोत्याला सांगता येत नाही. महासाथीत तर गंमतच झाली. जे काही संगीत लोकांनी ऐकले, त्यातले पुष्कळसे मोबाइलच्या बोटभर कर्ण्यातून ऐकले. एवढ्या लहान कर्ण्याला ४१ कंपनांचा स्वर काढताच येत नाही. कानाला त्या स्वराचे वरचे उपस्वर मिळतात आणि मूळ स्वर मेंदू स्वतःच कल्पून घेतो. म्हणजे बेसवादक वाजवीत होता आणि त्याचा मूळ स्वर कोणापर्यंत पोचतच नव्हता!

त्या काळात निरनिराळ्या घरांतून एकत्र वाजविण्याचे प्रयोग पुष्कळ झाले. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचावर दहा मीटर दूर उभ्या असलेल्या सहकाऱ्याचा स्वर आपल्याकडे सुमारे ३० मिलिसेकंदांनी येतो. एवढा उशीर माणूस सांभाळून घेतो. त्याहून फार वाढला की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहू लागतो आणि लय घसरत जाते. घरगुती इंटरनेटवर उशीर बहुधा ह्या मर्यादेपलीकडे जात असे. जॅकट्रिप, जॅम्युलस अशा खास व्यवस्था होत्या, परंतु त्यांना चांगली तारजोडणी लागते आणि वादक एकमेकांपासून फार दूर असून चालत नाही. म्हणून बहुतेकांनी दुसरा मार्ग पत्करला. प्रत्येकाने आपापल्या खोलीत यंत्राच्या टिकटिकीवर आपला भाग वाजवावयाचा आणि मागाहून कोणीतरी ते सारे चौकोन एका पडद्यावर जोडावयाचे. हे मला कधीच मनापासून आवडले नाही. ती सुट्या भागांची जुळवणी होती, सहवादन नव्हे. सतारिया एकटा बसून रात्र जागवू शकतो. बेसवादकाचे तसे नाही; त्याच्या स्वराला अर्थ येतो तो शेजारच्या माणसाच्या स्वरामुळे. आणि नेमके हेच शेजारपण आपल्या कायद्यात व हिशेबात कोठेच मोजले जात नाही.

हे आजचे नाही. बेस गिटार जन्मली तीच श्रमाची बचत करणारी म्हणून. त्यापूर्वी माणसाएवढ्या उंचीचा डबल बेस पाठीवर वाहून न्यावा लागे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर लिओ फेंडर ह्याने १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. ह्या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. पडदे बसविल्यामुळे स्वर अचूक लागे, म्हणून ते नाव. अ‍ॅम्प्लिफायर जोडला की चार माणसांचा ताफा मोठे सभागृह भरून टाकी. हॉटेलमालकाचा खर्च वाचला. वाचलेल्या खर्चाचा वाटा वादकाला मिळाला असे काही दिसले नाही. १९६५ साली लिओने आपला उद्योग सीबीएस ह्या बड्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकला. पुढे १९८१ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीने टीबी-३०३ ही पेटी काढली. तिचा हेतू असा की एकट्या गिटारवाल्याला साथीला बेसवादक ठेवावाच लागू नये. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वर्षानुवर्षे इतरांच्या गाण्यांना साथ केलेल्या चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली ह्याच पेटीवर दहा राग बसवून ध्वनिमुद्रिका काढली. ती तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य जगाने तिचे कौतुक केले. साथीदाराला काढून टाकण्यासाठी बनलेल्या यंत्रावर एका साथीदाराने स्वतःचे नाव कोरून ठेवावे, हा काव्यगत न्याय म्हणावयाचा. पण पोटाला त्याचा उपयोग अट्ठावीस वर्षे उशिराने.

विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडलेला सिद्धांत मी वर्गात अनेक वर्षे शिकविला. चार वादकांच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वी चार माणसे लागत, आजही चारच लागतात. कारखान्यातली उत्पादकता वाढते, मैफलीतली वाढत नाही. म्हणून मैफल सापेक्षतः महाग होत जाते आणि तिला समाजाने आधार द्यावा लागतो. प्रत्यक्ष मैफलीपुरते हे खरे आहे. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र स्थिती बरोबर उलटी आहे. तेथे एकदा वाजविलेले दहा लाख वेळा विकले जाते. एवढी उत्पादकता कोणत्या गिरणीकामगाराने दाखविली असेल? मग हे वाढीव मूल्य गेले कोठे?

जेम्स जेमर्सन ह्याचे उदाहरण घ्या. १९५९ साली डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी ह्याने मोटाउन कंपनी काढली. हा मनुष्य मोटारीच्या कारखान्यात जुळवणीच्या साखळीवर काम केलेला, आणि तीच शिस्त त्याने गाण्यांच्या उत्पादनाला लावली. गायक बदलत, वादकांचा ताफा बहुतांशी तोच. साठीच्या दशकातील त्या कंपनीच्या बहुसंख्य गाजलेल्या गाण्यांचा खर्ज जेमर्सनने उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजविला. जुन्या सपाट तारा तो तुटल्याखेरीज बदलीत नसे. १९७१ सालच्या मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पर्यंत ह्या वादकांची नावे कंपनीच्या वेष्टनावर येतच नसत. १९७२ मध्ये कंपनी लॉस एंजलिसला गेली आणि डेट्रॉइटचे बहुतेक वादक मागे राहिले. १९८३ साली पंचविशीचा मोठा सोहळा झाला, तेव्हा जेमर्सन तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला, वय ४७. आज त्याच्या नावाने तारांचा संच विकला जातो.

हौशी मंडळींत वाद्यसामग्रीची चर्चा अखंड चालते. तार कोणती, लाकूड कोणते, अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा. मलाही ह्या चर्चेची गोडी आहे. सपाट तारांचा मऊ, लाकडी आवाज मला अधिक भावतो. परंतु १९९५ पासून फेंडरच्या खास विभागातून अशी वाद्ये निघतात की, नवी कोरी असतानाच त्यांचा रंग खरवडून, धातूवर गंज चढवून ती चाळीस वर्षे वाजविल्यासारखी दिसावीत अशी केली जातात आणि त्यासाठी किंमत जास्त घेतली जाते. घामाचा डाग वाद्याबरोबर विकत मिळतो; घाम गाळणारा तेवढा किमतीतून वगळलेला असतो. वस्तुपूजेवर मार्क्सने लिहिले तेव्हा त्याच्यापुढे इतके सुबक उदाहरण नव्हते.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद एके काळी मुख्यतः गोमंतकीय वादकांनी उभा केला, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली. ही केवळ मानापमानाची बाब राहिली नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंताला व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क मिळाला, हे पाऊल स्वागतार्हच. परंतु त्याच दुरुस्तीने ‘कलावंत’ ह्या शब्दाच्या व्याख्येला एक शेपूट जोडले. चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक वा आनुषंगिक आहे आणि उद्योगाच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीतही दिले जात नाही, तो विकृतीकरणाविरुद्धचा हक्क सोडता कलावंत मानला जाणार नाही. म्हणजे नाव न देण्याचा रिवाज पाडणारा जो उद्योग, त्याच्याच रिवाजावर हक्काचे माप! बेसवादक ‘आनुषंगिक’ की नाही, ह्याचा निवाडा वकील करतील. तो आनुषंगिक आहे असे मानणाऱ्याने एकदा त्याला वगळून गाणे ऐकावे.

दुसरीकडे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो ह्यांच्या नेतृत्वाखाली ऑगस्ट १९४२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला आणि प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम बेकार वादकांच्या निधीत भरावयास कंपन्यांना भाग पाडले. जर्मनीत १९८३ पासून कलावंतांच्या सामाजिक विम्याची निम्मी वर्गणी कलावंत भरतो. उरलेल्यातली ३० टक्के त्याच्या कलेचा वापर करणाऱ्या संस्था आणि २० टक्के सरकार. फ्रान्समध्ये वर्षभरात ५०७ तास काम केलेल्या रंगमंचीय कामगाराला बेकारी भत्त्याचा हक्क आहे; महासाथीत तास भरणे अशक्य झाले तेव्हा सरकारने तो हक्क आधी ३१ ऑगस्ट २०२१ पर्यंत वाढवून दिला. आपल्याकडे २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, बँडपथके आणि ऑर्केस्ट्रा घरी बसले, जत्रांचे दोन हंगाम बुडाले. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने कलावंतांना एकरकमी ५ हजार रुपये देण्याचा निर्णय केला. ह्याला मदत म्हणता येईल, हक्क म्हणता येणार नाही.

मालक रोज बदलतो म्हणून संरक्षण देता येत नाही, ही सबब निदान महाराष्ट्रात तरी कोणी सांगू नये. हमालाचाही मालक रोज बदलत होता. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमली, व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळात भरावयाची आणि मंडळाने भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधपाणी पाहावयाचे, अशी व्यवस्था लावली. १९८१ मध्ये त्याच धर्तीवर खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. तसेच मंडळ वादकांसाठी का होऊ नये? मंगल कार्यालये, हॉटेले, कार्यक्रम घडवून आणणाऱ्या कंपन्या व स्टुडिओ ह्यांची नोंदणी करता येईल. बँडमालक स्वतःच पुष्कळदा कर्जात बुडालेला असतो. म्हणून लेव्हीची वसुली त्याच्याकडून न होता कार्यालयाच्या आरक्षणाच्या वेळीच व्हावी. आपल्या कार्यकर्त्यांनी ही मागणी सांस्कृतिक खात्याकडे न नेता कामगार खात्याकडे न्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सांस्कृतिक खात्याकडे गेल्यास शाल आणि श्रीफळ मिळेल.

आणखी एक मुद्दा, तो माझ्यासारख्यांविषयी. निवृत्तिवेतनावर जगणारा हौशी वादक हॉटेलात एका चहावर आनंदाने वाजवितो आणि त्या संध्याकाळी एका धंदेवाईक वादकाची बिदागी बुडते. तेव्हा लेव्ही वादकाच्या बिदागीवर न बसविता कार्यक्रमावर बसवावी. फुकट वाजविणारा आणला तरी मालकाला ती भरावीच लागेल.