हंड्यामागचे घर

रोजा असला की दुपारनंतर गळक्या नळाचा आवाजही कानाला लागतो. एरवी तोच नळ दिवसभर ठिबकत असतो, पण लक्ष कुणाचे जाते? छायाचित्रकाराची नजर अशीच बदलते. शहापूर तालुक्यातल्या डेंगणमाळची छायाचित्रे पाहताना हे जाणवते.

ती दानिश सिद्दीकी यांची. ते मूळचे टीव्हीचे बातमीदार. ती नोकरी सोडून २०१० मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेत शिकाऊ छायाचित्रकार म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बातमीमागे धावणारा माणूस थांबून पाहायला शिकला.

२०१५ च्या उन्हाळ्यात ते डेंगणमाळला गेले. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायांचा फोटो आपल्याकडे दर एप्रिल-मेमध्ये छापून येतो आणि आपण पान उलटतो. दानिश यांनीही विहिरीची वाट टिपली, पण ते हंड्यामागोमाग घरात शिरले. तिथे एका नवऱ्याच्या तीन बायका होत्या. दुसरी आणि तिसरी केली ती पाणी भरण्यासाठी! अशा बायका बहुधा विधवा किंवा टाकलेल्या. पाण्याच्या खेपांच्या बदल्यात त्यांना छप्पर आणि कुंकू मिळते. एकाहून जास्त लग्ने म्हटली की बोट नेहमीच्या मोहल्ल्याकडे वळते. इथली घरे हिंदू होती, कायदाही या लग्नांना मानत नाही. कारण धर्माचे नव्हतेच, कोरड्या विहिरीचे होते.

आणि ही कोरड कुठली? भातसा, तानसा ही धरणे याच शहापूरची. पाणी जाते मुंबईला. शेजारच्या मुरबाडमधल्या गावांच्या जमिनी बारवी धरणात गेल्या. पाणी कारखान्यांना आणि शहरांना. धरण उशाला, कोरड घशाला. मुंबईत मगरिबच्या अजानला ओठाशी जाणाऱ्या पेल्यात भातसाचे पाणी असते, हे किती रोजेदारांच्या ध्यानात येते?

रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चमूला २०१८ मध्ये पुलित्झर मिळाले, त्यात दानिश होते. जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात ते मारले गेले. लोकांना आठवतात ते निर्वासित आणि कोरोनातल्या चिता. डेंगणमाळ मागे पडते, कारण तिथे युद्ध नव्हते, प्रेते नव्हती. तिथे होत्या फक्त सकाळी उठून रिकामे हंडे उचलणाऱ्या बायका आणि त्यांची परत येण्याची वाट पाहणारी चूल.