धुळीचा पंचनामा

करंजीहून मारेगाव-वणीमार्गे चंद्रपूरकडे जाणारा रस्ता कापसाच्या मुलखातून जातो. मारेगावच्या पूर्वेस वणी परिसरातील कोळशाच्या उघड्या खाणी आहेत, राजूरच्या चुनाभट्ट्या आहेत आणि त्यापलीकडे २,९२० मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. गावागावांत पऱ्हाटी जाळून चुली पेटतात. ही सारी धूळ आणि हा सारा धूर एकाच हवेत मिसळतो, व तीच हवा शेतमजुराच्या आणि कोलामाच्या छातीत जाते. मात्र दोष कोणाचा, असा प्रश्न निघताच खाण वाहतुकीकडे बोट दाखविते, वाहतूकदार खराब रस्त्याकडे, आणि सरतेशेवटी सारा आळ येतो तो धसकटे जाळणाऱ्या शेतकऱ्यावर व चूल फुंकणाऱ्या बाईवर. कारण या दोघांचा कैवार घेणारा वकील कोणत्याही कार्यालयात बसलेला नसतो.

हा आळ खरा की खोटा, हे ठरविण्याचे साधन आज विज्ञानापाशी आहे. कार्बनचे दोन स्थिर समस्थानिक असतात : कार्बन-१२ आणि त्याहून किंचित जड असा कार्बन-१३. ज्वारी, मका व ऊस ही पिके हवेतील कार्बन ज्या रीतीने घेतात, ती कापूस वा तुरीच्या रीतीहून वेगळी आहे. म्हणून ज्वारीच्या धसकटाच्या धुरात जड कार्बनचे प्रमाण अधिक आढळते आणि पऱ्हाटीच्या धुरात कमी. शिशाच्या व गंधकाच्या समस्थानिकांनाही आपापल्या उगमाची अशीच खूण असते. मातीच्या धुळीसाठी स्ट्रॉन्शियम उपयोगी पडते. काळ्या कसदार जमिनीचा जन्म बेसॉल्ट खडकातून झालेला, तर कोळशावरील वालुकाश्माचे थर फार जुन्या भूखंडाच्या झिजेतून बनलेले. दोहोंतील स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर निराळे असते. शेतातून उडालेली माती आणि खाणीच्या ढिगाऱ्यावरून उडालेली माती, यांचा निवाडा त्यावरून करता येतो.

या साधनाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. दगडी कोळसा व पऱ्हाटी यांची कार्बन-१३ची खूण परस्परांच्या इतकी जवळ आहे की तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. तेथे किरणोत्सारी कार्बन-१४ची साक्ष काढावी लागते. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात तो उरलेला नसतो. नुकत्याच जळालेल्या लाकडात असतो. पुण्याजवळील सिंहगड व मालदीवमधील हनिमाधू येथे गोळा केलेल्या कणांची हीच परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दक्षिण आशियावरील हिवाळी तपकिरी ढगातील कार्बनयुक्त कणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लाकूड, शेण व पालापाचोळा यांच्या ज्वलनातून आलेले होते.

हा निष्कर्ष अप्रिय म्हणून नाकारणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. पण त्याचा अर्थ काय, हे सांगणे मात्र त्यांचे कर्तव्य आहे. चुलीचा धूर हा गरिबीचा धूर आहे. सिलिंडर पुन्हा भरून आणण्याची ऐपत नसलेल्या घराला दंडाने वा उपदेशाने धूरमुक्त करता येत नाही. शिवाय सिंहगडावरचा निकाल खाणींच्या शेजारी असलेल्या मारेगावास जसाच्या तसा लावणे, हे विज्ञान नव्हे. मारेगावच्या हवेचा निवाडा मारेगावच्याच हवेवर झाला पाहिजे.

कायद्याची उणीव नाही. वायुप्रदूषणाचा कायदा १९८१चा आहे. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची वार्षिक मर्यादा २००९च्या मानकांनुसार घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ असावी असे सुचविले. परंतु २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा रोख शहरांवर आहे. चंद्रपूर त्या यादीत आहे, मारेगाव नाही. वारा मात्र नगरपालिकेची हद्द ओळखत नाही!

कोळशाच्या खाणी १९७३ साली राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, त्या जनतेच्या नावाने. सार्वजनिक मालकीमुळे जबाबदारी वाढते, कमी होत नाही. खाणी बंद करा, अशी ही मागणी नाही; त्या खाणींत राबणारा कामगारही याच हवेत जगतो. मागणी साधी आहे. मारेगाव, वणी व झरी-जामणी या तालुक्यांत कापूस वेचणीच्या काळात आणि उन्हाळ्यात कणांचे नमुने घेतले जावेत. नागपूरची ‘नीरी’ व अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा यांसारख्या सरकारी संस्थांकडून त्यांची समस्थानिक-परीक्षा व्हावी आणि निकाल मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा. ज्याचा वाटा जितका ठरेल, तितका खर्च त्याच्या माथी बसावा. चुलीचा जो वाटा निघेल, त्यावरचा उपाय शासनाने करावा.

कार्यकर्त्यांनी या मागणीचे ठराव गावोगावच्या ग्रामसभांत मंजूर करून घ्यावेत. आजवर धुळीविषयीच्या तक्रारीला ‘पुरावा आणा’ असे उत्तर मिळत आले. आता पुरावा हवेतच आहे. तो गोळा करण्याचे टाळणारा कोण, हे जनतेला दिसले पाहिजे.