रॅमचा आकडा मोठा, फायदा केवढा?

घरच्या घरी संगणक जुळवून घेण्याची आणि मग प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याची, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची हौस आता कॉलेजातल्या मुलांपर्यंत पोहोचली आहे. हौसेला विरोध नाही. पण या नादात रॅम घेताना खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा शोधला जातो. ६००० ऐवजी ७२००, जमलं तर ८०००. माझं मत असं, की बहुतेकांसाठी हा खर्च वाया जातो आणि काहींसाठी तो धोक्याचाही ठरतो.

आधी आकड्याचा अर्थ पाहू. डीडीआर-५ च्या खोक्यावरचे ६००० म्हणजे मेगाहर्ट्झ नव्हेत. घड्याळाच्या एका ठोक्यात माहिती दोनदा हलते, त्यामुळे खरा ठोका असतो ३००० मेगाहर्ट्झचा. दुसरा आकडा बारीक अक्षरात असतो: सीएल ३०, सीएल ४० वगैरे. मागणी केल्यावर माहिती यायला किती ठोके थांबावं लागेल, ते हा आकडा सांगतो. नळ सोडल्यावर पाणी यायला लागणारा वेळ वेगळा आणि आलेल्या पाण्याची धार वेगळी, तसंच हे. जुन्या डीडीआर-४ मधली ३२०० आणि सीएल १६ ची रॅम घ्या, थांबण्याचा वेळ १० नॅनोसेकंद. ६००० आणि सीएल ३० घ्या, तोही १० नॅनोसेकंदच. ८००० आणि सीएल ४० ला पुन्हा १०! धार वाढली, वाट पाहणं तेवढंच राहिलं. उलट ६००० आणि सीएल ४० अशी स्वस्त पट्टी घेतली तर वाट पाहणं १३ नॅनोसेकंदांच्या वर जातं. खेळांना बहुधा धारेपेक्षा हा वेळ जास्त जाणवतो.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. रॅमशी बोलणारा नियंत्रक हल्ली प्रोसेसरच्या आतच असतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत ६००० च्या आसपास रॅम आणि नियंत्रक एकाच ठोक्यावर चालतात. साधारण ६४०० च्या पुढे बहुतेक प्रोसेसरांना हे झेपत नाही आणि नियंत्रक निम्म्या वेगावर येतो. म्हणजे जास्त पैसे देऊन ८००० ची रॅम आणायची आणि नियंत्रक २००० मेगाहर्ट्झवर चालवायचा. ७८००एक्सथ्रीडीसारख्या प्रोसेसरमध्ये तर ९६ मेगाबाइटची तिसऱ्या पातळीची कॅश असते. तिथे रॅमच्या वेगाचा फरक आणखी कमी पडतो. आणि दोनऐवजी चार पट्ट्या लावल्या तर याच मालिकेची अधिकृत मर्यादा ५२०० वरून थेट ३६०० वर येते. म्हणून ३२ जीबी हवी असेल तर १६-१६ च्या दोनच पट्ट्या घ्याव्यात. एकच ३२ ची पट्टी घेऊन निम्मी वाट बंद ठेवणं तर अगदीच नको.

हे सगळं पैशांचं झालं. खरी काळजी वेगळी आहे. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, आणि एएमडीच्या वॉरंटीच्या अटींत ते बसत नाही. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्सथ्रीडी मालिकेतले काही प्रोसेसर मदरबोर्डवरच जळाले. एक्स्पो सुरू केल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरमधल्या एसओसी भागाला आपसूक जास्त व्होल्टेज देत होते. पुढे बायोस सुधारून ती मर्यादा १.३ व्होल्टवर आणावी लागली. ज्यांनी त्याआधीचा बोर्ड घेतला आहे आणि बायोस कधीच बदललेलं नाही, त्यांनी ते आजच करावं.

प्रोसेसर जळला तर निदान कळतं तरी. रॅममधली चूक मात्र बोलत नाही. गुगलच्या सर्व्हरांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. त्या सर्व्हरांमध्ये चूक ओळखणारी ईसीसी रॅम होती. घरच्या संगणकात ती सहसा नसते. डीडीआर-५ च्या चिपमध्ये स्वतःपुरती दुरुस्तीची सोय असते खरी, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिघडलेला बिट तिच्या हाती लागत नाही. वेग वाढवताना ताण नेमका याच वाटेवर येतो. लग्नाचे फोटो एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेताना ते रॅममधूनच जातात. एखादा बिट उलटला तर खराब फाइल मुकाट्याने साठवली जाते, पुढच्या बॅकअपमध्येही तीच जाते आणि दोन वर्षांनी उघडताना समजतं.

म्हणून ६००० आणि सीएल ३० च्या दोन पट्ट्या, तेही आपल्या मदरबोर्डच्या यादीत असतील तरच. उरलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायवर घाला. एक्स्पो सुरू केल्यावर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी ५६०० वर या. ‘गेम तर चालतोय ना’ हा पुरावा नव्हे. रॅममधला विद्युतभार सतत गळत असतो आणि सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. त्यामुळे डिसेंबरात पास झालेली पट्टी अकोल्यात किंवा चंद्रपुरात मेच्या दुपारी पास होईलच असं नाही. ही चाचणी उन्हाळ्यात पुन्हा एकदा घ्या, आणि त्या वेळी एसी बंद ठेवा.