दोरीवरच्या गोधड्या

घटस्थापनेआधी घरातल्या गोधड्या-वाकळा धुऊन दोरीवर टाकायच्या, ही रीत मराठी माणसाला सांगावी लागत नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या जीज बेंड गावातही ऑक्टोबरात गोधड्या अशाच उन्हात येतात. २०२२पासून तिथे त्यांचा उत्सवच भरतो आणि त्या पाहायला लांबलांबून माणसे येतात.

इथल्या गोधड्यांचा लौकिक सुरू झाला तोही दोरीवरूनच. डिसेंबर १९६५मध्ये फ्रान्सिस वॉल्टर नावाचे पाद्री याच भागातून गाडीने चालले होते. एका घराबाहेर वाळत घातलेल्या गोधड्यांनी त्यांची नजर खिळवली. चौकशीला ते उतरले, तर गोरा माणूस येताना पाहून घरातली कृष्णवर्णीय बाई रानात पळून गेली. तिची भीती उगाच नव्हती. मतदार यादीत नाव घालू पाहणाऱ्या कृष्णवर्णीयांची कामे जात होती, कुळांची घरे सुटत होती. नाव नोंदवायला पलीकडच्या तालुक्याच्या गावी नेणारी फेरीबोट तर १९६२मध्येच बंद झाली होती, ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडले.

मार्च १९६६मध्ये वॉल्टर यांच्या मदतीने या पंचक्रोशीतल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. गोधड्या न्यूयॉर्कला लिलावात गेल्या, मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या. दुकानांना मात्र प्रत्येक नग हुबेहूब हवा असे. १९७२मध्ये सीअर्स कंपनीने कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे काम दिले. त्या अभ्र्यांतून उरलेल्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांच्या गोधड्या केल्या, कुणाच्या मापाला न बांधलेल्या. पट्टी मध्येच तिरपी जाते, तपकिरीत एकदम लाल ठिगळ उगवते. २००२मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात, पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन लागले, तेव्हा भिंतीवर या चिंध्यांच्या गोधड्याही होत्या.

प्रत्येकीशेजारी शिवणारीचे नाव होते. त्या प्रदर्शनाचे सर्वांत मोठे देणे हेच. नाव आले की हिशेबही मागता येतो: २००७मध्ये काही जणींनी मोबदल्यासाठी कोर्टात दावे लावले, पुढच्या वर्षी ते तडजोडीने मिटले.

आपल्याकडे हस्तकलेच्या मेळ्यात गोधडीला किमतीची चिठ्ठी असते. टाके कुणाचे, हे त्या चिठ्ठीवर क्वचितच सापडते. जुन्या लुगड्यांचे थर लावून, उन्हात पाय पसरून, महिनाभर धावदोरा घालणारी बाई मजुरी घेऊन बाजूला होते. बचतगट आणि संस्था वर्धापनदिनाला प्रदर्शन भरवतात, फलकावर पाहुण्यांची नावे ठळक छापतात. गोधडीखाली शिवणारीचे नाव आणि गाव लिहायला एक पट्टी आणि एक पेन पुरते. हे याच वर्षीपासून व्हायला हवे.

जीज बेंडची एक गोधडी १९४२ची आहे. नवरा वारल्यावर तिथल्या एका बाईने त्याचे शेतातले कपडे फाडून ती जोडली, थोरल्या लेकीने हाताखाली मदत केली. त्याची आठवण राहावी, अंगावर घेऊन निजता यावे, एवढीच आईची इच्छा होती, असे ती लेक पुढे सांगत असे. विरलेला निळा, मातकट पांढरा, तपकिरी, मधोमध थोडा लाल. शेजारी नाव लिहिलेले असते: मिसूरी पेटवे.