क्रिएटिनिन १.०, वजन ३८

७८ वर्षांच्या आजी. वजन ३८ किलो, सीरम क्रिएटिनिन १.०. लॅबने रिपोर्टवर काही खूण केलेली नाही, म्हणून आपणही ‘किडनी नॉर्मल’ लिहून मोकळे होतो. आता कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ चं सूत्र घ्या. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा. बाई असेल तर ०.८५ ने गुणा. उत्तर येतं मिनिटाला जेमतेम २८ मिली. अंगात स्नायूच उरले नाहीत, तर क्रिएटिनिन वाढणार कुठून?

अशा आजींना डिगॉक्सिन लिहिताना ही चूक नडते. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे जातं. मूत्रपिंड धड असताना त्याचा अर्धायुकाल दीड-दोन दिवसांचा असतो. ते निकामी होत गेलं की चार-पाच दिवसांपर्यंत लांबतो. पातळी स्थिरावायला चार-पाच अर्धायुकाल लागतात. तिसऱ्या दिवशी ‘औषध छान मानवलं’ म्हणतो तेव्हा पातळी अजून चढतच असते. अन्नावरची वासना उडते ती दुसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हा आपण पॅन्टोप्राझोल लिहितो! पाच दिवस गोळी, दोन दिवस सुट्टी ही आपली जुनी रीतही हिशेब टाळणारीच. सुट्टीत धडधाकट माणसाची पातळी निम्म्यावर येते, आजींची तेवढी उतरत नाही.

पातळी तपासायची तर गोळीनंतर निदान सहा तासांनी रक्त घ्या. तासाभरातच काढलेल्या नमुन्यावर विसंबून मी स्वतः एकदा डोस घटवला आहे. औषध तेव्हा रक्तातून पेशींत उतरायचंच होतं.

फेनिटॉइनची तऱ्हा निराळी. तिथे यकृतातली विकरं अपुरी पडू लागतात आणि डोस थोडा वाढवला तरी पातळी भलतीच उसळते. ३०० मिग्रॅवर फिट थांबत नाहीत म्हणून एकदम ४०० केले, की पेशंट काही दिवसांत झोकांड्या खात परत येऊ शकतो. वाढ ३० किंवा ५० मिग्रॅचीच करावी.

तालुक्याच्या गावी औषधाची पातळी तपासून मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण वजनकाट्याला लॅब लागत नाही. परवा माझेच जुने केसपेपर चाळले; बीपी प्रत्येकावर होतं, वजन मोजक्यांवर. साठीपुढच्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर बीपीशेजारी वजन लिहा, आणि डिगॉक्सिन किंवा ॲमिकॅसिन लिहिण्याआधी वरचा भागाकार करा.