लोहगाव, दाभोळी आणि थिएटर कमांडची चर्चा

लोहगावहून गोव्याचं विमान पकडणारे पुणेकर रोज कितीतरी असतात. पण १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी दाभोळीला जी विमानं गेली, त्यांत प्रवासी नव्हते, बॉम्ब होते. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर सुमारे ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले. मागोमाग विंग कमांडर सुरिंदर सिंग आणखी आठ कॅनबेरा घेऊन गेले.

हे आज आठवायचं कारण म्हणजे थिएटर कमांडची चर्चा. भूदलाच्या ७, हवाई दलाच्या ७ आणि नौदलाच्या ३ अशा १७ कमांड आज आपल्याकडे आहेत. त्या एकत्र करून तिन्ही दलं एकाच कमांडरच्या हाताखाली आणायची, असा हा विषय. दक्षिण कमांडचं मुख्यालय आपल्या पुण्यात, त्यामुळे इथल्या कट्ट्यांवर त्यावर बोलणं होणारच. आणि कुणीतरी हमखास म्हणतो, "अरे, गोव्यात ३६ तासांत तिन्ही दलांनी मिळून करून दाखवलं होतं की! मग आता अडतंय कुठं?"

माझं म्हणणं असं की उदाहरण बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे.

आधी आपली बाजू बघा. दक्षिण कमांडचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी. त्यांच्या हाताखाली मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ इन्फंट्री डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड. हवाई मोहिमेची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे. त्यांची विमानं पुण्यात आणि बेळगावच्या सांबऱ्याला. नौदलाचा ताफा रिअर ॲडमिरल भास्कर सोमण यांचा. म्हणजे मोहीम एक असली, तरी तिन्ही दलांच्या साखळ्या आपापल्या. आजच्या अर्थानं ही थिएटर कमांड नव्हती. समन्वय होता, आणि तो चांगला होता.

आता समोरची बाजू. गव्हर्नर जनरल व्हासालू ई सिल्व्हा हेच तिथल्या सगळ्या सैन्याचे सरसेनापती. भूदल, जहाज, पोलिस, सगळं एका माणसाच्या हाती. कागदावर बघितलं तर एकात्मिक कमांड आपल्याकडे नव्हतीच, ती पोर्तुगीजांकडे होती! फक्त त्या कमांडच्या हाताखाली काय होतं? गोवा, दमण, दीव मिळून सुमारे साडेतीन हजार सैनिक. मुरगावच्या बंदरात 'अफोन्सो द अल्बुकर्क' ही एक जुनी युद्धनौका. लढाऊ विमान एकही नाही. दाभोळीवर उभी होती ती दोन प्रवासी विमानं. विमानविरोधी तोफा मोजक्या आणि जुनाट; त्या चालवणारे सैनिक म्हणे फुटबॉल संघाच्या नावाखाली गोव्यात आणले होते.

त्यांच्याकडे योजना मात्र होती. प्रदेशाचे विभाग पाडायचे, पूल उडवायचे, सुरुंग पेरायचे आणि हळूहळू मुरगावकडे सरकत वेळ काढायचा. पण बेळगावहून आलेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं आणि बाहेरच्या जगाशी बोलायला त्यांना जहाजावरचा रेडिओ तेवढा उरला. मग 'बेटवा' आणि 'बियास' यांनी त्या जहाजालाही गाठलं. तिकडे लिस्बनमध्ये बसलेल्या सालाझारचा हुकूम असा, की शरणागती नाही; सैनिक एकतर जिंकलेले दिसतील नाहीतर मेलेले. सरसेनापती गोव्यात, निर्णय लिस्बनमध्ये. व्हासालू ई सिल्व्हांनी हा हुकूम मोडला, १९ तारखेला संध्याकाळी शरणागती पत्करली आणि पुढे मायदेशात त्याची किंमत मोजली. शत्रूपक्षाचा माणूस असला, तरी गोव्यातली गावं आणि जुन्या गोव्यातल्या इमारती आज शाबूत आहेत याचं थोडं श्रेय त्यांना द्यावं लागतं.

आपल्या बाजूचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग तर तक्त्यात दिसतच नाही. मुख्य घाव पूर्वेकडून, १७ डिव्हिजनच्या ६३ ब्रिगेडनं घालायचा होता. पॅरा ब्रिगेडचं उत्तरेकडचं काम दुय्यम. पण फुटलेल्या पुलांमुळे पूर्वेची तुकडी १८ च्या रात्री धारबांदोड्याच्या आसपासच होती. तोवर सगत सिंगांची माणसं मांडवीच्या काठावर बेतीला पोचलीसुद्धा, आणि १९ च्या सकाळी नदी ओलांडून पणजीत शिरली. दुय्यम तुकडीनं संधी दिसताच ती घेतली आणि वरच्यांनी तिला अडवून धरलं नाही. याला कमांडचा आराखडा म्हणत नाहीत, याला हाताखालच्या माणसावरचा विश्वास म्हणतात. (दमण १ मराठा लाइट इन्फंट्रीनं घेतलं, हे आपल्याकडच्या डिसेंबरच्या पोस्टींमध्ये कसं काय राहून जातं देव जाणे.)

आणि चुका? झाल्या ना. दाभोळीवर पोर्तुगीजांची सेबर जेट विमानं आहेत अशी आपल्याकडे खबर होती. ती साफ खोटी निघाली. धावपट्टी मोडायची पण टर्मिनल वाचवायचं, असा आदेश होता आणि आपल्या वैमानिकांनी तो नेमका पाळला. तरी ती दोन प्रवासी विमानं रात्री उरलेल्या धावपट्टीच्या तुकड्यावरून उडाली आणि कराचीला पोचली. समोर हवाई दलच नव्हतं म्हणून या गोष्टी किस्से होऊन राहिल्या. असतं तर?

उत्तरासाठी फार थांबावं लागलं नाही. दहाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, नेफा आणि लडाखमध्ये आपलं भूदल लढत होतं. तेच पंतप्रधान, तेच संरक्षणमंत्री आणि तीच कॅनबेरा, तीच हंटर विमानं. पण लढाईसाठी हवाई दल वापरलंच नाही. वाहतुकीची विमानं आणि हेलिकॉप्टरं तेवढी राबली. बिनविमानांच्या शत्रूवर वीस बॉम्बर पाठवणारा देश खऱ्या शत्रूसमोर विमानं जमिनीवर ठेवून बसला. हा निर्णय दिल्लीत झाला. मधल्या कुठल्याही कमांडची नवी रचना तो बदलू शकली नसती.

म्हणून गोव्याचा दाखला देऊन थिएटर कमांडचं समर्थन करणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. हवाई दलाच्या मंजूर स्क्वाड्रन ४२, प्रत्यक्षात तिशीच्या आसपास. त्या दोन-तीन कमांडरांत वाटल्या आणि एका सीमेवर अचानक जास्त लागल्या, तर दुसरीकडून काढून द्यायच्या हे कोण ठरवणार? किती तासांत ठरवणार? हवाई दलाची कुरकुर याच मुद्द्यावर आहे, आणि ती नुसती खुर्चीसाठी आहे असं मला वाटत नाही. मी एकत्रीकरणाच्या विरोधात नाही. रसद, प्रशिक्षण, दळणवळण तिघांचं एक व्हावं, लवकर व्हावं. पण आधी स्क्वाड्रन भरा, मग तक्ते काढा. उलटं केलं, तर रेषा सगळ्या एका चौकटीला जोडलेल्या आणि त्या चौकटीखाली विमानंच नाहीत, असं व्हायचं. १९६१ च्या पोर्तुगीजांसारखं.

गोव्यात आपले २२ जवान गेले, त्यांचे तीसच्या आसपास. आकडा लहान आहे म्हणून त्या मोहिमेला "पिकनिक" म्हणणारी एक पोस्ट परवा वाचली. अंजदीव बेटावर उतरताना गोळ्या खाल्लेल्या नौसैनिकांच्या घरच्यांना ती दाखवायची हिंमत आहे का लिहिणाऱ्यात?

कॅम्प, खडकी, लोहगाव भागात राहणाऱ्या ज्यांच्या घरी त्या डिसेंबरच्या आठवणी असतील, वडिलांनी-आजोबांनी सांगितलेलं काही असेल, त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा. फोटो असतील तर उत्तमच.